खोलीगणिक चार माणसे

कोणत्याही घरात पाऊल टाकल्यावर सर्वप्रथम टाळी वाजवणारा मनुष्य मी माझ्या हयातीत एकच पाहिला. देव्हाऱ्याला नमस्कार नंतर, घरधन्याची विचारपूस नंतर, पाण्याचा तांब्या तर त्याहून नंतर. आधी बूट काढून त्यांची तोंडे फाटकाकडे करून ठेवायची, छत्री भिंतीला टेकायची आणि दोन्ही तळवे छातीसमोर धरून टाळी वाजवायची, एकच. मग मान तिरपी करून, डोळे मिटून, ती टाळी घरात कुठवर गेली आणि काय घेऊन परत आली ते ऐकायचे. "जिवी आसा," असे ते म्हणाले तर ती खोली जिवंत ठरे. "मेली," म्हणाले तर त्या खोलीत साक्षात सरस्वती वीणा घेऊन आली असती तरी त्यांनी तिला तिथे बसू दिले नसते.

तालुक्याच्या कचेरीसमोर जी माझी पत्र्याची खोप आहे, तिच्यातही त्यांनी पहिल्या भेटीत टाळी वाजवली होती. "हिका आवाजच ना," ते म्हणाले. मी नम्रपणे त्यांच्या निदर्शनास आणून दिले, की येथे गायन होत नसून अर्जलेखन होते.

"म्हणूनच," ते म्हणाले.

येथे माझ्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, ते केवळ संदर्भासाठी. माझे शालेय शिक्षण परिस्थितीमुळे पाचव्या इयत्तेच्या मध्यावर थांबले; परंतु त्यानंतर मी जे लिहिले ते पदवीधरांनीही माझ्याकडून लिहवून नेले आहे. विहिरीची वाट, दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराचे घर, विधवेचे पेन्शन, शेजाऱ्याच्या फणसाची आपल्या कौलांवर आलेली फांदी, अशा नाना विषयांवर माझे अर्ज गेली कित्येक वर्षे साहेबांच्या मेजावर जात आहेत. "सबब, विनंती की" ह्या तीन शब्दांत किती सामर्थ्य आहे ते ज्याने वापरले त्यालाच ठाऊक.

ते गृहस्थ मोजणीदार. पोर्तुगीज अमदानीत नोकरीस लागले आणि गोव्याच्या मुक्तीनंतरही तेच काम करून निवृत्त झाले. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत एकही जुने घर असे नव्हते की ज्याच्या अंगणात त्यांनी कधी साखळी ताणली नव्हती. निवृत्त झाल्यावर साखळी सरकारजमा झाली, पण मोजण्याची खोड गेली नाही. लोक त्यांना पाठीमागे 'टाळीबाब' म्हणत. मी कधी म्हटले नाही. निदान त्यांच्या हयातीत म्हटले नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणत्यातरी जुन्या घरात किंवा पोफळीच्या कुळागरात गाण्याची बैठक भरवायची, हा त्यांचा उद्योग. रविवार अशासाठी की त्या दिवशी सुर्ल्याकडचे खनिजाचे ट्रक बंद असत, आणि मोजणीदारांच्या बैठकीत माईक हा पदार्थ निषिद्ध होता. "मायकाचेर आवाज मोटो जाता, म्हालगडो जायना," असे ते म्हणत. म्हालगडा म्हणजे वडीलधारा. माईकने आवाज जाड होतो, मोठा होत नाही, हे त्यातले तात्पर्य. निषिद्ध गोष्टींची यादी तेथेच संपत नव्हती. हार नाहीत. अध्यक्ष नाही. पाहुण्यांची ओळख नाही. बैठकीसाठी घराला रंग द्यायचा नाही. आणि ज्याचे शल्य मला व्यक्तिशः होते ते असे, की आभारप्रदर्शन नाही. मी एकदा अडीच पानांचे आभार लिहून नेले होते. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचले, घडी घालून माझ्याच खिशात ठेवले आणि म्हणाले, "अर्जमास्तरानू, गाणें सोंपल्यार मनशांक घरा वचूंक दियात."

छापील निमंत्रण नसे. ते स्वतः छत्री घेऊन दारोदार फिरत व उंबऱ्याबाहेरूनच सांगत, "आयतारा चार वरांचेर. गाणें आसा." रविवारी चार वाजता, एवढेच. कोणाचे, ते सांगत नसत. विचारणाऱ्यावर ते रागावत. जेवायला बोलावल्यावर आधी भाजी विचारतात का, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो खोडून काढणारा मला अद्याप भेटलेला नाही.

त्यांच्या कोटाच्या दोन्ही खिशांत एकेक उंडा असे. पोदेराकडचा ताजा, टणक कवचाचा पाव. बैठकीत कोणी शेजाऱ्याशी कुजबुजू लागला की मोजणीदार मांजराच्या पावलांनी मागून येत आणि त्याच्या हातात उंडा ठेवून कानात सांगत, "खा. तोंड गुंतून रावता." भर बैठकीत हातात उंडा येणे ही आमच्या भागात इतकी नामुष्की झाली होती की एका वकिलांनी पुढे सहा महिने बैठकीला येणे टाळले.

एकदा एका कुळागरात बैठक होती. पोफळींच्या मुळाशी पाटाचे पाणी खळाळत होते. आम्हा सर्वांना ते फार काव्यमय वाटले. मोजणीदारांना वाटले नाही. पाण्याचा सूर तानपुऱ्याला मिळत नाही, म्हणून त्यांनी पाट अडवायला लावला. "बाब, म्हज्यो पोफळी उदकाबगर मरतल्यो," बागाईतदार कळवळून म्हणाला. "दोन वरांनी मरनात," मोजणीदार म्हणाले, "पूण हो गवय दोन वरांनी मरूं येता. म्हातारो आसा." केरीला समुद्राकाठच्या घरात बैठक ठरली तेव्हा त्यांनी पंचांग न पाहता कोळ्यांना विचारून ओहोटीची वेळ धरली. समुद्र लांब गेल्यावर गाणे सुरू झाले आणि तो परत येण्यापूर्वी संपले.

ते दिवस राजभाषेच्या आंदोलनाचे होते. मराठी की कोकणी, ह्या प्रश्नावरून न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी टाकून उठून गेलेली माणसे मी पाहिली आहेत. रस्त्यांवर झाडे पडत, बसगाड्या अडत, आणि मधूनमधून जमावबंदीचा हुकूम निघे. माझी बाजू कोणती हे सांगणे नलगे. माझे सर्व वाङ्मय मराठीत आहे. मोजणीदारांना मात्र त्यांची बाजू विचारली की ते म्हणत, "मेर मोजपी मनीस दोनूय शेजाऱ्यांक आवडना. म्हाका संवय आसा." मेर म्हणजे शेताची हद्द. त्यांच्या बैठकीत दोन्ही बाजूंची माणसे मांडीला मांडी लावून बसत, कारण बोलायला गेले तर उंडा मिळण्याची भीती दोघांनाही सारखीच होती.

आता मुख्य हकिकतीकडे वळतो.

सुर्ल्याच्या वाटेवर एका भाटकारांचे, म्हणजे जमीनदारांचे, मोठे घर आहे. चांगले नांदते, कौल न् कौल जागेवर, खांबांना दरवर्षी तेलपाणी. मध्ये चौक, ज्याला आमच्याकडे राजांगण म्हणतात. त्यात तुळस, सभोवार ओसऱ्या, त्यांच्या पलीकडे खोल्या. बाहेरच्या बाजूला बसायचे मातीचे कट्टे असलेला सोपा. हे घर मोजणीदारांच्या मते पेडणे-डिचोली दोन्ही तालुक्यांत सर्वांत 'जिवे' होते. बैठकीच्या परवानगीसाठी ते वर्षभर तिथे खेटे घालत होते. प्रत्येक खेपेस ते एकेका खोलीत टाळी वाजवीत, आणि भाटकार वैतागून म्हणत, "घर म्हजें आनी टाळ्यो तुमच्यो!" एका खेपेस मी सोबत होतो. त्या दिवशी देवाच्या खोलीच्या चौकटीशी उभे राहून त्यांनी टाळी वाजवली आणि कितीतरी वेळ डोळे उघडलेच नाहीत. "हो ह्या घराचो कान," ते म्हणाले. "त्या दिसा हांव हांगा बसतलों. दुसऱ्या कोणाक दिवचों ना." नंतर भाताच्या कोठीत टाळी वाजवली. जाड मातीच्या भिंती, तुडुंब पोती. "मेली," ते म्हणाले, आणि दार लावून घेतले.

इतका अट्टाहास कशासाठी, ते मला त्याच दिवशी परतताना कळले. ज्या बाईंना ते गायला आणणार होते त्या मुंबईत नावारूपाला आलेल्या, वयाची साठी ओलांडलेल्या. पण मूळच्या ह्याच गावच्या. त्यांची आई देवळात पालखीपुढे गाई, आणि भाटकारांच्या घरी लग्नमुंजीला गायला येई, ती सोप्यावर बसून. यजमान आत, गाणे बाहेर. उंबऱ्याच्या आत त्या माउलीचे पाऊल कधी पडले नाही, आणि लहानगी मुलगी तिच्या पदराला धरून तिथेच बसलेली असे. मोजणीदारांनी बाईंना पत्र घातले तेव्हा त्यांचे उत्तर एका ओळीचे आले. "गायतां. पूण भितर बसून, सोप्यार न्हय."

भाटकारांनी अखेर होकार दिला, तो मनापासून नव्हता. टाळ्यांना कंटाळून दिला असावा.

आणि येथे माझ्या हातून ते घडले. इतक्या मोठ्या प्रसंगासाठी एक साधा अर्जही नसावा, हे माझ्या मनाला पटेना. मोजणीदारांनी मला बजावले होते, "आपल्या घरांत सोयरे आपोवपाक कोणाची परवानगी? कागद करूं नाकात." परंतु दिवस जमावबंदीचे होते, आणि, खरे ते लिहितो, आभारप्रदर्शनाचे ते अडीच पानी शल्यही होते. मी त्यांच्या नकळत अर्ज लिहिला. विषय : जाहीर संगीत कार्यक्रमास परवानगी मिळणेबाबत. मजकूर असा उतरला होता की लिहिता लिहिता मला स्वतःलाच भरून आले. खाली माझ्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे लिहिले, 'प्रत माहितीसाठी रवाना', आणि पाच ठिकाणी प्रती धाडल्या. पैकी एक पोलीस चौकीवर.

रविवारी साडेतीन वाजता चाळीस-पंचेचाळीस मंडळी अंगणात जमली होती. त्यांत सावंतवाडीकडचे चार ट्रक ड्रायव्हरही होते. दशावतारात वाढलेली ती माणसे, गाणे म्हटल्यावर न्हाऊन, भांग पाडून आलेली. बाई मोटारीतून उतरल्या. सोप्याच्या पायऱ्या चढून त्या उंबऱ्यापाशी आल्या, आणि नेमक्या त्याच क्षणी फाटकातून हवालदार आत आला. हातात कागद होता. ते वळणदार अक्षर मी वीस हातांवरून ओळखले.

"बाब, म्हजेर राग धरूं नाकात," हवालदार मोजणीदारांना म्हणाला. तो जवळच्याच गावचा, त्यांना ओळखणारा. "घरांतले गाणें जाल्यार आमी आयलेच नासले. पूण हांगा अर्जार 'जाहीर कार्यक्रम' बरयलां. जाहीर म्हणल्यार जमावबंदी आयली. एका जाग्यार पांच मनशां जमूंक जायना."

मोजणीदारांनी कागद घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग, माझ्याकडे न पाहता, म्हणाले, "अक्षर बरें आसा."

भाटकारांच्या चेहऱ्यावर मात्र सुटका दिसली. "सरकाराचो हुकूम," ते म्हणाले. "म्हज्या हातांत कितें आसा? बायेक हांगाच सोप्यार च्या दिवया, आनी वेळार घरा पावोवया."

सोपा हा शब्द ऐकताच बाईंनी शालीचा पदर आवळला. उंबऱ्याजवळचा पाय त्यांनी मागे घेतला. मला त्या वेळी जमिनीने पोटात घ्यावे असे वाटले. तसा अर्ज कोणाकडे करतात ते मला ठाऊक नव्हते.

"हवालदारा," मोजणीदार म्हणाले, "एका जाग्यार पांच जायनात. चार?"

हवालदाराने विचार केला. "चार... चलतात."

"जाल्यार बरें." त्यांनी छत्री भिंतीला टेकली आणि ते मोजू लागले, जन्मभर ज्या आवाजात त्यांनी साखळीची कडी मोजली असतील त्याच आवाजात. "बाय, तबलो, पेटी, तानपुरो. चार. राजांगण भरलें. तुमी चौगजाणां माजघरांत. चौगी बायलां रांदचे कुडींत, चुलीलागीं. बाळंतिणीचे खोलयेंत चार. माडयेर चार, दार उगडें दवरात, आवाज जिन्यावयल्यान वता."

"बाबानू, आमका खंय?" एका ड्रायव्हरने विचारले.

"तुमी चार जाण? न्हाणयेंत. हांसूं नाकात. हे घरची न्हाणी माजघरापरस बरी वाजता."

वर्षभराच्या टाळ्यांचा अर्थ तेव्हा सर्वांना कळला. कोणत्या खोलीत कोणत्या कोपऱ्यात आवाज पोचतो, कोणते दार किती उघडे हवे, त्यांना सारे पाठ होते. हवालदार मागोमाग फिरून प्रत्येक खोलीत चार डोकी मोजत होता, आणि मोजता मोजता त्यालाही त्यात गोडी वाटू लागली होती. "हांगा तीनच आसात, बाब," असे त्यानेच एकदा ओरडून सांगितले.

शेवटी भाटकार उरले.

"भाटकारबाब, घर तुमचें," मोजणीदार अदबीने म्हणाले, "पूण भितर चार-चार भरले. तुमी सोप्यार बसात, हवालदाराबरोबर."

"सोप्यार? थंय कितें आयकूं येतलें?"

"तुमच्या बापायक सोप्यावयलें भितर आयकूं येतालें न्हय? तर भितरलें भायरूय पावतलें."

बाईंनी हे ऐकले. त्या हसल्या नाहीत. पण उजवा पाय उचलून त्यांनी उंबऱ्याच्या आत ठेवला, आणि त्या चालत थेट तुळशीपाशी गेल्या.

मग मोजणीदार माझ्याकडे वळले. "अर्जमास्तरानू, तुमी कोठींत बसात. हो कागद सांबाळात. कोण व्हडलो सायब आयलो जाल्यार तुमीच दाखोवचो." ह्या जबाबदारीने माझी मान किंचित उंचावली हे मी नाकारीत नाही. मी कोठीत जाऊन एका पोत्यावर बसलो, कागद मांडीवर घेतला आणि व्हडल्या सायबाची वाट पाहू लागलो.

काही वेळाने माझ्या लक्षात आले की गाणे सुरू झालेले नाही. आणखी काही वेळाने लक्षात आले की ते केव्हाच सुरू झाले असले पाहिजे. दाराच्या फटीतून समोरच्या ओसरीवरच्या माणसांच्या माना डोलताना दिसत होत्या. मला मात्र काहीही ऐकू येत नव्हते. भात, माती आणि माझा स्वतःचा श्वास. आणि तेव्हा मला ती जुनी टाळी आठवली. मेली.

त्यांना कळले होते. अक्षर बरे आहे म्हणाले तेव्हाच कळले होते. चारचौघांत एक शब्द न बोलता त्यांनी मला माझ्या अर्जाचा निकाल दिला होता, आणि मी तो मान समजून स्वीकारला होता. दोन तास मी त्या पोत्यावर बसून होतो. उठून जाता आले असते; गेलो नाही. निकाल बरोबर होता.

दिवेलागणीच्या सुमारास दार उघडले. मोजणीदार आत आले. सवयीने त्यांनी एक टाळी वाजवली. ती भातात बुडून गेली.

"आतां भैरवी," ते म्हणाले. "उठात. म्हज्या जाग्यार वचून बसात."

"आणि तुम्ही?"

"थंय म्हाका धरून चार आसात. तुमी गेल्यार पांच. हांव हांगा बसतां."

"बाब, तुम्ही वर्षभर... ती जागा... मी मुळीच जाणार नाही."

"हुकूम तो हुकूम," असे म्हणून त्यांनी मला दंडाला धरून उठवले आणि स्वतः त्या पोत्यावर बसले.

मी देवाच्या खोलीच्या चौकटीशी जाऊन बसलो. बाईंनी जे गाणे घेतले ते पालखीपुढे म्हणतात त्यातले होते. त्यांच्या आईचे असावे, कारण ते म्हणताना त्या लहान मुलीसारख्या ताठ बसल्या होत्या. आवाज थकलेला होता. पण त्या चौकटीशी तो एका बाजूने येत नव्हता. तो माझ्या अंगावरून आत जाई, स्वयंपाकघरातून धुराचा वास घेऊन परत येई, माडीवरून उतरे, न्हाणीतल्या तांब्यांना स्पर्श करून येई. घरातली ती चाळीस माणसे मला दिसत नव्हती, पण प्रत्येक खोलीत चारजण गप्प बसलेले आहेत हे ऐकू येत होते. शेवटी एका वरच्या स्वराला बाईंचा श्वास पुरला नाही. त्यांनी तो तसाच, अर्धा, सोडून दिला. आणि तो स्वर घरात फिरत राहिला. बाई मान वर करून ऐकत होत्या. माझ्या जागेवरून पडवीतून थेट बाहेरचे दार दिसत होते. उंबऱ्याच्या पलीकडे भाटकार उभे होते, दोन्ही हात चौकटीला लावून. आत मात्र आले नाहीत. त्यांच्यामागे हवालदार, हातात अर्धा खाल्लेला उंडा.

मी कोठीत परत आलो तेव्हा मोजणीदार अंधारात पोत्यावर तसेच बसलेले होते. एक तळवा गुडघ्यावर हलकेच पडत होता, मनातल्या कोणत्यातरी तालावर.

"कशी जाली?" त्यांनी विचारले.

मी तोंड उघडले. "बरी झाली," मी म्हणालो.

"बरी! इतलीं वर्सां अर्ज बरयतात आनी 'बरी'?" ते हसत उठले, बूट घालायला निघाले. "म्हाका आयकूंक येवंक ना. तुमका आयलें. तर कागदार बरोवन हाडात. सवकास. आनी अर्जमास्तरानू, प्रत खंय धाडूं नाकात."

पुढे जमावबंदी उठली, राजभाषेचा कायदा झाला, गोवा घटक राज्य झाले. मोजणीदारांनी खोलीगणिक चार माणसांची बैठक मात्र अखेरपर्यंत चालू ठेवली; गर्दीत माणूस गाण्यापेक्षा गर्दीच जास्त ऐकतो, असे त्यांचे नवे मत झाले होते. माझ्या खोपीवरून जाताना ते छत्री उंचावून विचारत, "बरोवन जालें?" मी म्हणे, "मजकूर चालू आहे." खरे तर एक ओळही उतरत नव्हती. हजारो लोकांची गाऱ्हाणी मी लिहिली, पण ज्यात काही मागायचे नाही असे लिहिण्याची माझ्या हाताला सवय नव्हती. असे विचारता विचारताच एका पावसाळ्यात ते गेले. त्यांच्या घरी गेलो तेव्हा दाराशी बूट होते, तोंडे फाटकाकडे.

ज्यांनी मागवले होते ते आज हयात नाहीत. तरीही भैरवी कशी झाली ते आठवले तसे वर लिहिले आहे. विलंबाबद्दल माफी असावी. विनंती काही नाही. प्रत कोणाकडेही धाडलेली नाही.